सर्कल, बस्ता, व्हॉल्यूम

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचे नाव दोन कलमांत येते. तिसऱ्या कलमात आंध्र प्रदेशाच्या वाट्याला काय येणार याची यादी आहे. तिथे आदिलाबाद जिल्हा आहे, पण बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका सोडून. आठव्या कलमात नव्या मुंबई राज्याची यादी आहे आणि तिथे हीच तीन नावे जमेला धरली आहेत. एकीकडे वजा, दुसरीकडे अधिक. कायदा कंटाळवाणा वाटतो, पण ज्याने कधी दप्तर हलवले आहे त्याला कळेल की हे लिहिणारा माणूस सावध होता. एक नोंद चुकली असती, तर एखादे सर्कल दोन राज्यांत राहिले असते किंवा कुणाचेच उरले नसते.

मी हैदराबादेत स्टोरेज सांभाळतो. मोठ्या कार्यालयांच्या फायली आता टेबलावरच्या संगणकात नसतात. त्या एका थंड खोलीत, डिस्कने भरलेल्या कपाटांत असतात आणि जाळ्यावरून सगळ्यांना दिसतात. त्या एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर केलेले असतात. प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता, स्वतःची माणसे आणि कुणी काय पाहावे याचे स्वतःचे नियम असतात. लेखा विभागाचा एक, मनुष्यबळ विभागाचा एक. कंपन्या फुटतात, जुळतात, विभाग इकडचे तिकडे होतात, आणि मग फायलींचा एक अख्खा संच, ज्याला आम्ही व्हॉल्यूम म्हणतो, या आभासी सर्व्हरकडून काढून त्या सर्व्हरला जोडायचा असतो. तिथेही दोन बाजूंनी लिहावे लागते, इथून वगळले आणि तिथे धरले.

घर आमचे बोथचे. आजोबा निजामाच्या काळात तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. कचेरीत उर्दू लिहायचे, घरी मराठी. इस्लापूर ज्या तालुक्यातून गेले, त्याच तालुक्याच्या कचेरीत ते बसत. त्यामुळे आमच्या घरी राज्य पुनर्रचना म्हणजे दिल्लीतला ठराव किंवा फाजल अली आयोग नव्हता. इस्लापूरचे बस्ते वेगळे काढायचे काम होते.

हा जिल्हा मुळातच जोडून-तोडून बनलेला आहे. सालारजंग पहिले यांनी १८६५ मध्ये निजामाच्या राज्यात जिलाबंदी आणली, तेव्हा आदिलाबाद नावाचा जिल्हा नव्हता. १८७२ मध्ये सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा झाला, त्यात एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तालुके. १९०५ मध्ये त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पुढे मुख्यालयही एका जागी राहिले नाही. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्धच्या उठावाचा गोंड नेता कुमराम भीम मारला गेला, त्या काळात जिल्ह्याचा कारभार आसिफाबादहून चालत होता. नंतर तो आदिलाबादला आला. जिल्ह्याचा प्रमुख, म्हणजे आजचा कलेक्टर, त्याला अव्वल तालुकदार म्हणत. त्याच्या खाली तहसीलदार, त्याच्या खाली गिर्दावर, गावात पटवारी आणि माली पटेल. गिर्दावराच्या ताब्यातल्या गावांचे एक सर्कल. कागदाची वाटही हीच. गावाचा कागद पटवाऱ्याकडे, त्याची तपासणी गिर्दावराकडे, मंजुरी तहसिलीत.

आजोबा सांगत की गाव उचलून देणे सोपे असते. प्रत्येक गावाचा कागद कापडात बांधलेला, वर गावाचे नाव. इस्लापूर सर्कलमधल्या गावांचे बस्ते काढले, यादी केली, सह्या झाल्या, संपले. त्रास होता तो तालुक्याच्या पातळीवर ठेवलेल्या नोंदवह्यांचा. एकाच बांधीव वहीत बोथकडे राहिलेली गावेही आणि इस्लापूरकडे गेलेली गावेही. वही फाडता येत नाही आणि पूर्ण देताही येत नाही. मग नक्कल करायची, मूळ इथे ठेवायचे, नकलेवर शिक्का मारायचा आणि ती पलीकडे पाठवायची. नकलेत चूक झाली तर ती कुणाची, हा प्रश्न पुढच्या पिढीला.

माझ्या कामातली पहिली अक्कल हीच आहे आणि ती मी कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. हलवायची गोष्ट जर स्वतंत्र व्हॉल्यूम असेल, तर एक बाइटही न हलवता तिचा मालक बदलता येतो. डिस्क तिथेच, फायली तिथेच, फक्त आता त्या दुसऱ्या आभासी सर्व्हरच्या नावावर. नेटॲप कंपनीच्या यंत्रांत या कामाला रिहोस्ट म्हणतात. पण हलवायची गोष्ट व्हॉल्यूमच्या आतले एखादे फोल्डर असेल, तर नकलेला पर्याय नाही. एकेक फाइल उतरवा, तिच्या तारखा आणि परवानग्या जपा, शेवटी दोन्हीकडचे ताळे जुळवा. म्हणून जाणता माणूस सुरुवातीलाच विचारतो की उद्या काय वेगळे होण्याची शक्यता आहे, आणि त्या रेषेवर आधीच व्हॉल्यूम पाडून ठेवतो. निजामाच्या महसूल खात्याने गाव हे एकक धरले, तेव्हा कुणाच्या मनात भाषावार राज्ये नव्हती. पण त्या एककामुळेच १९५६ ची वाटणी जमली.

वाटणी एकतर्फीही नव्हती. इस्लापूर, किनवट, राजुरा तिकडे गेले, तसे नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातले मुधोळ, भैंसा आणि कुबीर हे सर्कल आदिलाबादला आले. देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे सर्कल निजामाबादला गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला हे सगळे अमलात आले. म्हणजे त्या हिवाळ्यात नांदेड आणि आदिलाबाद यांच्यामध्ये दप्तरे दोन्ही दिशांनी चालली होती.

राजुऱ्याचे तर दोनदा स्थलांतर झाले. आधी ते आदिलाबादहून नांदेड जिल्ह्यात टाकले गेले. राजुऱ्याहून वर्धा नदी ओलांडली की चांदा, आणि नांदेड मात्र पार लांब. राज्याची रेषा आधी ठरवायची होती, जिल्ह्याची सोय नंतर बघू, असा तो हिशेब असावा. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. तीन वर्षांत तीन जिल्हे. आमच्याकडेही असे होते. मुदत गाठायची म्हणून माल आधी मिळेल त्या सर्व्हरवर उतरवतात आणि मग सवडीने योग्य जागी नेतात. त्यात गैर काही नाही, पण प्रत्येक मुक्कामावर थोडे काही मागे राहते आणि तिसऱ्या मुक्कामाच्या माणसाला पहिल्या मुक्कामाचा पत्ता माहीत नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट नशिबाने चांगली घडली होती. वाटणीच्या जेमतेम दोन वर्षे आधी, १३६४ फसलीत म्हणजे १९५४-५५ मध्ये, हैदराबाद राज्यात खासरा पाहणी झाली होती. कोणत्या सर्व्हे नंबरात पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण, क्षेत्र किती, याची गावोगावची नोंद. म्हणून आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना जमिनीचा जुना वाद निघाला की वकील तेच मागतो. तेलंगणात त्याला खासरा पहाणी म्हणतात, मराठवाड्यात खासरा पत्रक. जुन्या यंत्रावरून नव्यावर काम वळवण्याच्या, म्हणजे कटओव्हरच्या आधी आम्ही स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणी जे होते ते गोठवून ठेवतो, की पुढे गोंधळ झाला तर परत यायला एक ठिकाण राहावे. १९५४-५५ चा स्नॅपशॉट वाटणीसाठी घेतलेला नव्हता, पण कामाला तिथेच आला.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे नियम वेगळे झाले. मराठवाड्यात १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि इस्लापूरचा शेतकरी सातबारा काढू लागला. इकडे १३१७ फसलीचा हैदराबादचा जमीन महसूल कायदा पुढेही चालत राहिला आणि बोथचा शेतकरी पहाणी काढत राहिला. जमीन एकाच पाहणीतून निघालेली, पण कागदाचा आकार, रकान्यांचा क्रम, दुरुस्तीसाठी कुणाकडे जायचे, सगळे निराळे. आमच्या कुटुंबाची थोडी जमीन दोन्हीकडे आहे, म्हणून हे मला लहानपणापासून ठाऊक.

आता थोडे माझ्या धंद्याच्या इतिहासाकडे येतो, कारण तो या दप्तराच्या इतिहासापेक्षा लहान असला तरी त्याच खड्ड्यांतून गेला आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यात एनएफएस बाजारात आणले. दुसऱ्या यंत्रावरच्या फायली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरायच्या, ही त्याची करामत. सर्व्हर प्रत्येक फाइलीला एक खूण देतो, तिला फाइल हँडल म्हणतात. त्या वेळच्या आवृत्तीत ती खूण ३२ बाइटांची होती आणि तिच्यात सहसा असायचे काय, तर कोणती फाइल सिस्टिम, तिच्यातली कितवी नोंद, आणि ती नोंद कितव्यांदा वापरात आहे. वापरणाऱ्या यंत्राला ही खूण उघडून बघायची नसते, जपून ठेवायची आणि मागताना दाखवायची. सर्व्हर जुनाच आहे तोवर उत्तम. फाइल सिस्टिम दुसऱ्या सर्व्हरवर गेली की जुन्या खुणेला कुणी ओळखत नाही. पडद्यावर येते, स्टेल फाइल हँडल. फाइल कुठेतरी सुखरूप आहे, पण तुमच्या हातातला कागद जुन्या कचेरीचा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या मदतीने अँड्र्यू नावाचा प्रकल्प चालू होता. तिथल्या लोकांनी निराळा विचार केला. त्यांनी फायलींचे व्हॉल्यूम पाडले आणि कोणता व्हॉल्यूम कोणत्या सर्व्हरवर आहे याची एक वेगळी नोंदवही ठेवली. वापरणारा सर्व्हरचे नाव घेतच नाही. तो मार्ग सांगतो, आणि त्या मार्गावरचा व्हॉल्यूम आज कुठे आहे हे नोंदवही सांगते. त्यामुळे लोक काम करत असतानाच व्हॉल्यूम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येई. चाळीस वर्षे होऊन गेली, तरी मला या कल्पनेचे कौतुक वाटते. पत्ता वस्तूच्या अंगावर कोरायचा नाही, तो तिसऱ्या जागी लिहून ठेवायचा.

एनएफएसला हे शहाणपण यायला वेळ लागला. डिसेंबर २००० मध्ये चौथ्या आवृत्तीचा मसुदा आला, त्यात सर्व्हरला एक नवे उत्तर देण्याची सोय झाली. मागितलेली फाइल सिस्टिम इथून हलली आहे, आता अमुक ठिकाणी विचारा. म्हणजे जुनी कचेरी कुलूप लावून गप्प बसत नाही, दारावर नव्या कचेरीचा पत्ता लावते. हे नीट चालायला लागल्यावरही कोपऱ्यातल्या अडचणी निघत राहिल्या. उघडी फाइल, धरलेले कुलूप, अर्धवट राहिलेले लेखन, हे सगळे नव्या सर्व्हरने कसे सांभाळायचे याच्या दुरुस्त्या जुलै २०१६ पर्यंत निघत होत्या.

आभासी सर्व्हर आले ते मधल्या काळात. नेटॲप ही कंपनी १९९२ ची, फायली सांभाळणे एवढेच काम करणारे यंत्र विकणारी. २००२ च्या आसपास तिने एकाच यंत्रात अनेक आभासी फायलर करण्याची सोय दिली. ईएमसीच्या सेलेरा यंत्रांतही आभासी डेटा मूव्हर आले. हेतू सोपा होता. फायलींबरोबर त्यांचे सगळे बिऱ्हाड एकत्र बांधायचे, म्हणजे सर्व्हरचे नाव, पत्ता, वापरकर्त्यांची यादी, वाटून दिलेल्या फोल्डरांची यादी. मग अख्खा आभासी सर्व्हर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला तरी वापरणाऱ्याला कळत नाही. अख्खा सर्व्हर हलवणे म्हणूनच सोपे. अवघड ते, जेव्हा एका आभासी सर्व्हरचा एकच व्हॉल्यूम काढून दुसऱ्याला द्यायचा असतो. रिहोस्ट करताना व्हॉल्यूम आधी उतरवावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ तो कुणालाच दिसत नाही. मालक बदलतो आणि मग लक्षात येते की कोणत्या यंत्राला प्रवेश होता, कोणत्या नावाने फोल्डर वाटले होते, कुणाला किती जागेची मर्यादा होती, हे जुन्या सर्व्हरकडेच राहिले. ते सगळे नव्या जागी हाताने पुन्हा लिहावे लागते. फायली शंभर टक्के सुखरूप आणि सकाळी कुणालाच उघडत नाहीत, असा प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिला आहे.

२०१६ च्या दसऱ्याला, ११ ऑक्टोबरला, आमच्या जिल्ह्याचे असेच झाले. तेलंगणात १० जिल्ह्यांचे ३१ जिल्हे करण्यात आले. ५२ मंडलांचा जुना आदिलाबाद चार ठिकाणी वाटला गेला, आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद. या वेळी बैलगाडी लागली नाही. महसुलाच्या नोंदी तोवर संगणकावर गेल्या होत्या आणि राज्य तेच असल्यामुळे त्या फारशा हलवायच्याही नव्हत्या. एका यंत्रात एका आभासी सर्व्हरचे चार झाले. मालक बदलले, डिस्क तीच.

पण माणसांच्या हातातली फाइल हँडल्स जुनीच राहिली. गाडीच्या पाटीचे पाहा. आदिलाबादची पाटी एपी-०१ होती, २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर टीएस-०१ झाली, २०१६ नंतर निर्मलला १८, मंचेरियालला १९ आणि आसिफाबादला २० आकडा मिळाला, आणि २०२४ मध्ये टीएसचे टीजी झाले. रस्त्यावर या सगळ्या पाट्या एकत्र धावतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, प्रत्येकावर त्या त्या वेळचा जिल्हा. भैंशाच्या एखाद्या म्हाताऱ्याचा विचार करा. तो हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात जन्मला, आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात संसार केला, तेलंगणात म्हातारा झाला आणि आता निर्मल जिल्ह्यात पेन्शन घेतो. घराचा उंबरा मात्र हललेला नाही. त्याच्या एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी मेळ बसवायचा, तर मधल्या प्रत्येक बदलाची साखळी कुणीतरी लिहून ठेवलेली हवी. अँड्र्यूच्या त्या तिसऱ्या नोंदवहीसारखी.

जिथे जुन्या सर्व्हरने हात सोडला नाही, तिथे काय होते हे बघायला फार लांब जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, डोंगरावर, परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावे आहेत. १९५६ मध्ये राजुऱ्याबरोबर ती मुंबई राज्यात गेली असे महाराष्ट्र म्हणतो. ती केरामेरी मंडलातली आहेत असे तेलंगण म्हणतो. तिथे दोन्ही राज्यांच्या ग्रामपंचायती आहेत, दोन्हींच्या शाळा आहेत. बऱ्याच लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत आणि दोन्ही मतदार याद्यांत नावेही. बाहेरच्याला गंमत वाटते, दोन्हीकडून धान्य, दोन्हीकडून योजना. पण जमिनीचा पट्टा मागायला गेले की दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

आमच्याकडे या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि तिच्याइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. दोन सर्व्हर एकाच व्हॉल्यूमला आपला समजून दोघेही लिहू लागले, तर काही वेळाने त्यातली कोणती नोंद खरी हे सांगणे अशक्य होते. म्हणून नियम असा की नव्या सर्व्हरने व्हॉल्यूम उचलण्याआधी जुन्याचा हात तोडायचा. डिस्कवर आरक्षण असते. ते एकाच्याच नावावर राहते आणि दुसऱ्याने लिहायचा प्रयत्न केला तरी डिस्क नकार देते. दोन्ही बाजूंची माणसे कितीही प्रामाणिक असोत, हा नकार यंत्रातच बसवलेला असतो. १९५६ च्या कायद्याने तालुका आणि सर्कल यांची नावे नेमकी लिहिली, पण डोंगरावरच्या एखाद्या पाड्याची हद्द कुठे संपते हे जागेवर जाऊन पक्के करायचे काम वेगळे होते. कागदावरचे वजा आणि अधिक बरोबर असूनही जमिनीवर आरक्षण पडलेच नाही.

दुसरा खड्डा नावांचा. १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. पुढे गोंड, कोलाम शेतकऱ्यांना जमिनीचे पट्टे देण्याचे मोठे काम झाले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठी वाचकांना सेतुमाधवराव पगडी इतिहासकार म्हणून माहीत आहेत, पण हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना त्यांनी याच जिल्ह्यात आदिवासींमध्ये काम केले, गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांवर लिहिले. पुनर्रचनेनंतर तेही इस्लापूरसारखे पलीकडे गेले आणि महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे काम त्यांनी सांभाळले. त्यांच्यासारखा अधिकारी समोरच्याचे नाव ऐकून बरोबर लिहीत असेल. पण ते नाव उर्दूत उतरले, उर्दूतून तेलुगूत, तेलुगूतून संगणकासाठी इंग्रजीत. मडावी, आत्राम, सिडाम, तोडसाम, यांतले प्रत्येक आडनाव या प्रवासात दोन-तीन रूपे घेते. खुद्द जिल्ह्याला ज्याचे नाव दिले त्या माणसाचे आडनाव कोमरम, कुमरम, कुमुरम असे सरकारी कागदांतच निरनिराळे दिसते. संगणकाला हे तीन वेगळे खातेदार.

फायलींच्या नावांचेही तसेच. व्हॉल्यूम करताना त्याची भाषा ठरवावी लागते आणि दोन सर्व्हरांवर ती वेगळी असेल तर देवनागरीतल्या फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. युनिकोडच्या आधी मराठी कार्यालयांत प्रत्येक फाँटचा आपला कोड होता, तेव्हाच्या फायली हलवताना आत काय आहे ते कळण्याआधी फाँट शोधावा लागे. अशा वेळी घाईने केलेली नक्कल सगळ्यात घातक, कारण आकडे जुळतात, फायलींची संख्या जुळते, आणि तरी नाव चुकलेले असते.

मग आले धरणी, तेलंगणाचे जमिनीच्या नोंदींचे पोर्टल. तेलंगणात १५ सप्टेंबर २०१७ पासून गावोगाव जमिनीच्या नोंदी तपासण्याची मोहीम निघाली. निर्विवाद खाती वेगळी केली, वादातली ‘पार्ट-बी’ म्हणून बाजूला ठेवली. आमच्या भाषेत ही कटओव्हरआधीची छाननी, आणि ती करणे योग्यच होते. ८ सप्टेंबर २०२० पासून नोंदणी थांबवण्यात आली. त्याच महिन्यात कायदा करून गावचे महसूल अधिकारी हे पदच रद्द झाले आणि महसूल न्यायालयेही गेली. २९ ऑक्टोबरला धरणी पोर्टलचे उद्घाटन झाले, २ नोव्हेंबरपासून शेतजमिनीची आणि १४ डिसेंबरपासून बिगरशेतीची नोंदणी पुन्हा सुरू झाली. शेतजमिनीसाठी सुमारे आठ आठवड्यांचा आणि बिगरशेतीसाठी सुमारे चौदा आठवड्यांचा डाउनटाइम. माझ्या धंद्यात एवढा मागितला तर लोक हसतील, पण एका राज्याच्या जमिनीचा विचार करता मी त्याला फार नावे ठेवणार नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. खाती नव्या जागी गेली, पण दुरुस्तीची वाट जुन्या सर्व्हरवरच राहिली आणि मग तो सर्व्हरच बंद केला. गावात तलाठ्यासारखा माणूस होता, तो चांगला असो वा वाईट, त्याला हे शेत कुणाचे हे ठाऊक होते. ‘पार्ट-बी’त अडकलेल्या खातेदाराला विचारायला पोर्टल होते, माणूस नव्हता. पुढच्या सरकारने नवा कायदा केला आणि १४ एप्रिल २०२५ ला भू-भारती पोर्टल आणले, त्यात अपिलाची वाट पुन्हा आखली. रिहोस्टनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जसे एकेक परवानगी परत लिहितो, तसेच हे, फक्त इथे ती सकाळ साडेचार वर्षांनी उगवली.

हलवण्याच्या प्रत्येक कामाच्या माझ्या यादीत शेवटची ओळ असते, जुनी प्रत केवळ वाचण्यासाठी अमुक दिवस ठेवावी. कंपनीच्या फायलींना तीस दिवस पुरतात. जमिनीच्या नोंदींना ही मुदत नसते. चार राज्यव्यवस्था, तीन पोर्टले किंवा पाच जिल्हे झाले तरी वाद शेवटी १९५४-५५ च्या खासऱ्यावर येतो. आणि तो खासरा बऱ्याच गावांचा उर्दूत आहे, फसली सनात आहे, पटवाऱ्याच्या हातच्या घाईच्या अक्षरात आहे. त्याची छायाचित्रे घेऊन सर्व्हरवर ठेवणे हे माझ्यासारख्यांचे काम, ते होऊन जाईल. ते वाचता येणारी माणसे मात्र आमच्या भागातल्या कचेऱ्यांत आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आजोबांच्या पिढीतल्या मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या अहलकारांना उर्दू सहज येत होती, कारण ती त्यांच्या पोटाची भाषा होती. त्यांच्या मुलांना ती शिकण्याचे कारण राहिले नाही.

म्हणून बोथ-इस्लापूरसारख्या प्रत्येक जोडीसाठी, सीमेच्या दोन्ही बाजूंना, निदान एकेका जिल्हा कचेरीत तरी जुने उर्दू दप्तर वाचणारा पगारी माणूस असायला हवा. त्याला लावायचा खर्च एखाद्या सर्व्हरच्या वार्षिक देखभालीहून कमी येईल. पुढचे पोर्टल येईल तेव्हा ताळा जुळवायला तोच लागेल, आणि पोर्टल येणारच आहे.